आमचा हरनामसिंग विर्क

हरनामसिंग गेल्याचं मला रहमतने सांगितलं. दुखानच्या तेल कॅम्पातल्या स्टोअरमध्ये मी माल उतरवून घेत होतो. रहमत ट्रक चालूच ठेवून आत आला आणि म्हणाला, "काझीसाहेब, आमचा माणूस गेला." सुट्टीवर कर्नालला गेलेला हरनामसिंग शेतात उभ्या उभ्या कोसळला, तो उठलाच नाही. रहमत पाकिस्तानातला मुसलमान, हरनामसिंग हिंदुस्थानातला शीख, आणि मी कतारच्या या वाळूत कारकुनी करणारा दापोलीकडचा माणूस. कॅम्पात आता सगळे म्हणतात, बिचारा परमुलखात राबून गेला. म्हणून हे लिहायला बसलो. तो बिचारा कधीच नव्हता.

पन्नासच्या दशकात तो इथे वेल्डर म्हणून आला. नाव विचारलं की छाती पुढे काढून सांगायचा, "हरनामसिंग विर्क, शेखूपुऱ्याचा." फाळणीत शेखूपुरा पलीकडे, पाकिस्तानात गेला होता, म्हणून कुणी म्हणायचं, "म्हणजे आता कर्नालचे." त्यावर तो म्हणे, "कर्नालला माझं घर आहे. मी शेखूपुऱ्याचा." जुम्म्याच्या सुट्टीत रोट्या भाजता भाजता आपल्या कुळाची हकिगत सांगायचा. विर्क मूळचे रावी आणि चिनाबच्या मधल्या रानातले गुराखी. पुढे त्यांच्यातले कितीतरी शीख झाले. लाहोरच्या सुभेदाराने शिखांच्या मुंडक्यांवर इनाम लावलं, तेव्हा हे लोक घोड्यावरच संसार थाटून रानोमाळ फिरले, पण वाकले नाहीत. शेवटी सुभेदारच थकला आणि त्याने नवाबी पाठवली. ती घ्यायला कुणी पुढे होईना. तेव्हा जमलेल्या शिखांच्या संगतीला पंखा घालणाऱ्या एका विर्काच्या गळ्यात ती पडली. त्याने अट घातली, घोड्यांची लीद काढायची माझी सेवा कुणी काढून घ्यायची नाही. हे सांगताना हरनामसिंगचे डोळे असे चमकायचे, की तो नवाब कालच त्याच्या घरी जेवून गेला असावा...

रहमत ड्रायव्हर म्हणून आला तो दिवस मला लख्ख आठवतो. मेसमध्ये त्याने स्वतःचं नाव सांगितलं, रहमत विर्क. सगळ्यांचे हात थांबले. विर्कांतले काही शीख तर काही मुसलमान, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोघांची गावं जवळजवळ निघाली.

"माझ्या चुलत्याला मारणाऱ्यांत तुझ्या गावचे होते," हरनामसिंग म्हणाला.

"असतील. माझ्या मावशीला मारणाऱ्यांत तुमचे होते," रहमत म्हणाला. ताट हातात घेऊन तो तसाच उभा होता.

मग हरनामसिंगने बाकावर थोडं सरकून जागा केली. "बस. विर्क उभ्याने जेवत नाही." पुढे दोन देशांत लढाई जुंपली तेव्हाही ते शेजारी बसूनच जेवले. टोमणे मारणाऱ्याकडे दोघंही असं बघायचे, की तो आपलं ताट उचलून दुसरीकडे जाई.

मग एक नवा साहेब आला. त्याने हुकूम काढला, तेलविहिरीच्या मनोऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने लोखंडी टोपी घालायची, पगडी चालणार नाही. हरनामसिंग सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, पडलो तर माझं डोकं फुटेल. ते माझं आहे, फुटू दे. पगडी माझ्या एकट्याची नाही."

"मग पुढच्या बोटीने घरी जा. खलास," साहेब म्हणाला.

रहमतने ट्रकची चावी साहेबाच्या टेबलावर ठेवली. "बोटीत दोन जागा सांगा."

त्याच्यामागे आणखी चाव्या पडल्या, पठाणांच्या, मलबाऱ्यांच्या. पाण्याचे ट्रक जागचे हलेनात. दुपारपर्यंत साहेबाचा आवाज उतरला. हरनामसिंगची नोकरी राहिली, पण मनोऱ्यावर चढणं सुटलं. त्याला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, तेलकट चिखलात टाकलं. उंचावरच्या कामावर त्याचा फार जीव होता. मला वाईट वाटलं आणि तसं मी बोललो. तो बाह्या वर करत म्हणाला, "काझीजी, आमच्यातला नवाब लीद काढायचा. मी तर नुसतं ग्रीस काढतोय!" या शेवटच्या सुट्टीवर जाईपर्यंत तो तिथेच होता, पगडी बांधून.

मागच्या जुम्म्याला दोह्यात एका सरदारजींच्या घरी त्याच्यासाठी अरदास, म्हणजे शिखांची प्रार्थना झाली. मी आणि रहमत डोक्याला रुमाल बांधून गेलो. पुढच्या रांगेत घरची माणसं बसतात. इथे त्याच्या घरचं कुणी नव्हतं, म्हणून ती रांग रिकामीच होती. रहमत सरळ तिथे जाऊन बसला. नुकत्याच आलेल्या एका तरुणाने वाकून हळूच विचारलं, "चाचाजी, तुम्ही त्यांचे कोण?"

"भाऊ."

"पण ते तर शीख..."

"तो शीख, मी मुसलमान. विर्क दोघंही," रहमत खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आणखी कुणाला काही विचारायचंय?"

मागे बसलेले एक म्हातारे सरदारजी उठले, पुढे आले आणि रहमतच्या शेजारी मांडी घालून बसले. मग अरदास सुरू झाली.