एकाच पत्त्यावरची माणसं

त्या दिवशी माझं डोकं नेमकं कुठे होतं, हे मला आजही धड सांगता येत नाही. ठिकाणावर नव्हतं, एवढं खरं.

परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे. दुसऱ्यांच्या वेबसाइट चालत्या ठेवणं हे आमचं काम. त्या दिवशी नर्सिंगच्या प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरायची शेवटची तारीख होती, वेळ संध्याकाळी सहापर्यंत, आणि ती साइट माझ्याकडे होती. अर्ज भरणाऱ्यांत माझी वहिनीही होती. दोन मुलं वाढवली, माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं काढलं, एका हॉस्पिटलात आया म्हणून पाळ्या केल्या, आणि आता कुठे तिने शिकायचं मनावर घेतलं होतं. वयाची अट अशी, की यंदा नाही तर कधीच नाही. "भावजी, साइट तुमच्या हातात आहे म्हणजे मला काळजी नाही," असं म्हणून तिने मला सकाळी डबा दिला.

दहा वाजता तिचा फोन. "दुसऱ्या पानापर्यंत जातं, मग परत लॉगिन करा म्हणतं. तीनदा झालं." मागून आई ओरडत होती, "काय झालां रे? ह्यां तिका परत पयल्यापासून नाव-गाव इचारता!"

मलाही कळेना. मी स्वतः भरून पाहिलं, तर कधी नीट व्हायचं, कधी नाही. तासाभराने डोक्यात प्रकाश पडला. गर्दी होणार म्हणून आम्ही दोन सर्व्हर ठेवले होते आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर. म्हणजे दारात उभं राहून एकाला या खोलीत, दुसऱ्याला त्या खोलीत धाडणारा. हा दीडशहाणा एकाच माणसाची दर पानाला खोली बदलत होता. पहिला सर्व्हर वहिनीला ओळखायचा. दुसरा म्हणायचा, कोण बाई तुम्ही?

उपाय सेटिंगमध्येच होता. माणूस एकदा ज्या सर्व्हरवर गेला, त्याला शेवटपर्यंत तिथेच पाठवायचं. पण तो तोच माणूस, हे ओळखायचं कसं? एक तर तो ज्या इंटरनेट पत्त्यावरून येतो त्यावरून, नाहीतर त्याच्या ब्राउझरकडे एक चिठ्ठी देऊन ठेवायची, जिला कुकी म्हणतात. मी पत्ता निवडला. दोन क्लिकचं काम. एक पत्ता, एक माणूस, यात चुकण्यासारखं काय आहे? साइट सुरळीत चालू लागली आणि मी निवांत डबा खाल्ला.

तीनच्या सुमाराला पहिला सर्व्हर धापा टाकू लागला. दुसरा मात्र आरामात. मी नोंदी उघडल्या, तर एकाच पत्त्यावरून अर्जांचा नुसता पाऊस पडत होता. क्षणाक्षणाला नवं लॉगिन, नवा फोटो. एक माणूस इतके अर्ज कशाला भरेल? कुणीतरी मुद्दाम साइट पाडायला बसलंय, अशी माझी खात्रीच झाली. आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. त्या माटुंग्याच्या, शब्द मोजून बोलणाऱ्या.

"खात्री आहे ना तुझी?"

"शंभर टक्के, मॅडम."

मी तो पत्ता बंद करून टाकला. सर्व्हर लगेच शांत झाला. मॅडम चक्क "छान" म्हणाल्या.

चार वाजता पुन्हा वहिनी. "भावजी, सर्टिफिकेटं स्कॅन करून आणेपर्यंत दुपार झाली, आणि आता तर साइटच उघडत नाही. माझीच नाही, खाली मंडळाच्या खोलीत कुणाचीच नाही."

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर गणेशोत्सव मंडळाची खोली आहे. उत्सव नसला की तिथे रक्तदान, वह्यावाटप आणि लोकांचे फॉर्म भरून देणं चालतं. त्या दिवशी तिथे चार लॅपटॉप मांडले होते आणि आसपासच्या चाळींतल्या मुली रांगेत उभ्या होत्या. बाकीच्या आपापल्या घरातून भरत होत्या. हे मला ठाऊक होतं. गल्लीच्या ग्रुपवर "वेळेत भरा" म्हणून लिंक मीच टाकली होती! आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या चाळींना इंटरनेट एकाच केबलवाल्याचं. घरं शेकड्यांनी, पण बाहेरच्या जगाला दिसतो तो त्याचा एकच पत्ता.

मी वहिनीला मंडळाच्याच वायफायवरून तो पत्ता मोबाइलवर शोधून वाचायला लावला. ती एकेक आकडा वाचत गेली. मी बंद केलेला पत्ता तोच होता.

म्हणजे हल्लेखोर समजून मी माझ्याच गल्लीला दार लावलं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढलेला मी. एका पत्त्यावर एकच माणूस राहतो, हे मी कुठल्या घरात शिकलो, देव जाणे.

नुसतं दार उघडून भागणार नव्हतं, तो सगळा लोंढा पुन्हा पहिल्याच सर्व्हरवर आला असता. ज्याला-त्याला वेगळी चिठ्ठी द्यायचीच पद्धत लावायला हवी होती. पण ती लावली, की तेव्हा साइटवर असलेल्यांकडे चिठ्ठी नसणार, त्यांची वाटणी नव्याने होणार आणि निम्मे जण मधल्याच पानावरून बाहेर फेकले जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी मॅडमना सगळं सांगितलं, वहिनीचंही.

"घरच्या माणसासाठी करतोयस, की बरोबर आहे म्हणून?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, मॅडम." खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "कर," म्हणाल्या.

पाच वाजता मी तो पत्ता मोकळा केला आणि चिठ्ठीचं बटण दाबलं. पाच चाळीसला वहिनीचा फोन आला, "भावजी, झालं! अर्जाचा नंबर आला!" मी आनंदाने टेबलावर थापच मारली.

तोवर मदतीच्या फोनवर रांग लागली होती. बहुतेकांनी चरफडत पुन्हा भरलं. सहाला चार मिनिटं असताना गिरगावातून एका मुलीचा फोन आला. "दादा, मी शेवटच्या पानावर होते. आपोआप बाहेर गेलं. परत सगळी सर्टिफिकेटं टाकतेय. थोडा उशीर चालेल ना?" साइट सहाला आपोआप बंद होणार होती, तशी प्रवेश देणाऱ्या संस्थेची सूचनाच होती. "टाकत राहा, टाकत राहा," एवढंच मी म्हणत राहिलो. मग ती म्हणाली, "बंद झालं." मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. मॅडमनी तिथल्या तिथे संस्थेला मुदत वाढवायची विनंती केली. नकार अर्ध्या तासात आला.

घरी वहिनीने शिरा केला होता. मी ताट तसंच बाजूला सारलं. तिने विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"केवढी होती?"

"सतरा-अठराची असेल."

"मग तिला पुढचं वर्ष आहे," वहिनी म्हणाली. आईला वाढलं, मुलांना वाढलं, स्वतःचं ताट मात्र घेतलं नाही. जरा वेळाने माझ्यापाशी येऊन तिने विचारलं, "तिच्याकडून काही चुकलं नव्हतं, हे तिला सांगितलंत ना?"

मी सांगितलं नव्हतं.