साडूंची फुलपाखरं

आमच्या साडूंइतके धक्के देणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. मूळचे खानदेशातले. नव्वदच्या दशकात उधन्यात पॉवरलूमवर बारा-बारा तासांची पाळी करायचे. विडी नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच, फुलपाखरांचं. तेही भर हंगामातल्यांचं नव्हे. श्रावणात घाणेरीच्या झुडपांवर ती ढिगानं उडत, तेव्हा हे मान वर करून बघतही नसत. "आते काय, कोनलेबी दिसतस," म्हणायचे. त्यांना हवं असे ते वर्षाचं अगदी पहिलं आणि अगदी शेवटचं. नाव एकाचंही ठाऊक नाही, पण रंग सुताच्या शेडकार्डावरच्या नंबरानं सांगत. एका पौषात शेवटच्या फुलपाखरामागे धावताना ते खाडीत कमरेपर्यंत उतरले आणि तसेच चिखलानं माखून माझ्या दारात येऊन, आमच्याकडे खेळायला आलेल्या आपल्या थोरल्या लेकीला म्हणाले, "एकशेचौदा नंबर. जरा विटेल शे." माझ्या बायकोच्या हातून परात पडली. साडूंना परात का पडली ते कळलं नाही.

पण खरा धक्का एका ज्येष्ठात बसला. त्यांच्या थोरल्या लेकीला बघायला मालेगावचे पाहुणे आले होते. आधीची दोन स्थळं मोडलेली, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला लागलेला. मुलाचे वडील नवी पांढरी टोपी घालून पोहे खात होते. एवढ्यात साडूंनी त्यांच्यासमोर पंजा उभा धरला. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. तिथे उभा पंजा म्हणजे धागा तुटला, आहे तिथे थांब. पाहुण्यांचंही आयुष्य लूमवरच गेलेलं. चमचा तोंडाशी धरून ते जागच्या जागी थांबले. मला वाटलं, मागे साप आहे. बघतो तर त्यांच्या टोपीवर एक पिवळं फुलपाखरू, त्या वर्षाचं पहिलंच.

तेवढ्यात पोर चहा घेऊन आली. मान खाली घालायची सोडून टोपीकडे बघत म्हणाली, "आबा, आवंदा लवकर उनं."

माझ्या मेहुणीनं कपाळाला हात लावला. हेही स्थळ गेलं, असं मीही धरून चाललो. फुलपाखरू उडालं, पंजा खाली आला. पाहुण्यांनी घास सावकाश संपवला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "पोरनी नजर चांगली शे. लूमवालासना घरमा असीच पोर पायजे." तिथेच सुपारी फुटली.

लग्न झालं, पोर मालेगावला गेली. त्या वर्षी पौष आला, पण साडू खाडीकडे फिरकलेच नाहीत. सुटीच्या दिवशी नुसते उंबऱ्यावर बसून राहिले. इतक्या वर्षांत मला एवढा धक्का कधी बसला नव्हता. मी म्हटलं, "साडूभाऊ, शेवटचं बघायचं राहील ना."

"देखसू बी," ते म्हणाले, "पन सांगसू कोनले?"

मला सांगा, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मी राग मानला नाही. घरी आलो आणि माझी लेक अभ्यास करत होती, तिच्याजवळ बराच वेळ उगाचच बसून राहिलो.