भाकरीवरची थाप

भाकरी कशी थापतेय यावरून बाईच्या पोटातला राग कळतो, हे मला साताऱ्यात कळलं. नाहीतर आमच्या जतकडं भाकरी म्हणजे रोजचं काम. तिच्या आवाजाकडं कान कोण देतंय!

साताऱ्याजवळ सैन्यभरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी आहे. पोरं तिथंच राहतात, पहाटे पळतात आणि लांडग्यासारखी जेवतात. तिथं मी भाकरी करायला राहिले. आमचे मालक वारल्यावर घरात भिंतींशी बोलायची पाळी आली होती बघा. इथं पंगतीतनं हाक यायची, "मावशी, अजून एक!" त्या हाकेसाठी आले, आणि त्या हाकेपायीच नोकरी सोडवेना.

सोडावी असं तर रोज वाटायचं, कारण शेजारच्या शेगडीवर ती होती. माझ्या आधीपासूनची, माझ्यापेक्षा तरणी, हाडापेरानं दणकट. पोरं माझी भाकरी मागून घ्यायला लागली आणि तिचं डोकं फिरलं.

"आली बघा टँकरवाली," ती सगळ्यांदेखत म्हणायची. "तिकडं प्यायला पाणी न्हाई, आन हितं आमच्या पिठात हात घालतीया."

मीही काही मुकी नव्हे. "तुमच्या दारातनं कृष्णा वाहती, मग जीभ का गं धुतली न्हाईस?"

पोरं हसली. हसायला नको होती.

त्या दिवसापासून ती भाकरी थापेना, बडवायला लागली. धाड्, धाड्, धाड्. परात ओट्यावर नाचायची, आणि प्रत्येक थापेबरोबर तिच्या दातांतनं शब्द यायचा, "मर. मर. मर." मी आमटीचं पातेलं उचललं की नेमकं तिचं कोपर लागायचं. एकदा उकळतं पाणी माझ्या पायांवर आलं, तर वर मलाच, "डोळं फुटलं का गं थेरडे?" एकदा तर केस धरून माझं तोंड पिठाच्या डब्यावर आपटलं. ओठ फाटला, रक्त पिठात ठिबकलं. ते पीठ टाकून कुणी द्यायचं, यावरून पुन्हा हाणामारी!

अकॅडमीच्या उस्तादांना सांगितलं. फौजेतनं रिटायर झालेला माणूस, मिशीला पीळ देत म्हणाले, "मावशी, हितं माघार शिकवत न्हाईत." माझा पोरगाही फौजेत. तो फोनवर म्हणाला, "आये, पळून येऊ नगंस. लोक हसतील." दोघंही लांब उभं राहून मला शूर करत होते.

मग तो दिवस आला. मी तव्यावरची भाकरी उलटत होते. तिनं तापून लाल झालेलं उलथणं माझ्या उजव्या मनगटावर ठेवलं आणि दाबलं. चुकून लागलं असतं तर तिनं उचललं असतं. माझ्याच कातडीचा वास मला आला. डाव्या हाताला पितळी डाव लागला, तो मी तिच्या कपाळावर हाणला. ती पडली नाही, माझ्या अंगावर आली. पोरांनी ओढून बाजूला केलं. मागनं एकानं शिट्टी मारली.

उस्ताद आले. "मिळवा हात दोघी, आन विषय संपवा."

कोणता हात मिळवू, ते त्यांनी सांगितलं नाही.

हात बरा करायला सांगलीला लेकीकडं आले. मनात ठरलं होतं, राजीनामा द्यायचा नाही. परत जायचं, तिच्याच शेजारी उभं राहायचं, आता डाव उजव्या हातात. उस्तादांचा फोन आला, तेव्हाही म्हटलं, "आले म्हणून समजा."

खपली पडली. बोटं चालतात का बघावं म्हणून लेकीच्या परातीत भाकरी घेतली.

लेक बाहेरनं धावत आली. "आये! कुणाला मारतीस?"

"भाकरी करतीया की."

"मग मर मर काय म्हणत हुतीस?"

मी परातीकडं बघितलं. परात ओट्याच्या कडेला सरकलेली, भाकरीला मधोमध भोक. आणि कानात अजून ती थाप. माझी नव्हे, तिची.

तशाच पिठाच्या हातानं उस्तादांना फोन लावला. "मी येत न्हाई. दुसरी बाई बघा."

"भ्याला व्हय मावशी?"

"व्हय, भ्याले. पण तिला न्हाई."

त्यांना ते कळलं नसावं. फोन ठेवून मी दुसरा गोळा घेतला आणि अगदी हळू थापला. तरी कडेला चिरला.

"पिठाची विरी गेली असंल, चिकटंना झालंय," लेक म्हणाली. "जुनं हाय ते."

पीठ सकाळीच दळून आणलं होतं. मी तिसरा गोळा घेतला.