पाऊण भागिले अर्धा

शाळेत त्यांना ‘उलटापालट बाई’ म्हणत. म्हणत पाठीमागे, पण इतक्या मोठ्यानं की तोंडावर म्हटल्यासारखंच व्हायचं. सव्वीस वर्षं त्या सहावीला गणित शिकवत होत्या. अपूर्णांकांचा भागाकार आला की एकच मंत्र: दुसरा उलटा करा आणि गुणा. आजवर तिघांनी विचारलं होतं, “बाई, पण उलटा का करायचा?” तिघांनाही एकच उत्तर मिळालं, “नियम आहे.” चौथ्यानं विचारू नये म्हणून बाईंना फळा भराभर पुसायची सवय लागली. खरं म्हणजे का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या बाईंनी उलटा करायला सांगितला, यांनी केला, शंभरात एक्क्याण्णव मिळाले, नोकरी लागली. मध्ये विचारायला सवड कुणाला होती?

त्या वर्षी गणिताचा अभ्यासक्रम बदलायचं ठरलं. त्याआधी वर्गात गणित प्रत्यक्षात कसं शिकवलं जातं याचं संशोधन करायला विद्यापीठातून एक मुलगी यायची होती. मागच्या बाकावर बसणार, बाई प्रश्न विचारून मुलांना किती सेकंद विचार करू देतात ते मोजणार आणि वहीत लिहिणार. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सगळ्यांना ऐकवून म्हणाल्या, “जिचा शेरा चांगला, तिलाच पुढच्या वर्षी नवं पुस्तक. बाकीच्यांना हस्तकला.”

“कागदाच्या टोप्या करीन आता,” बाई घरी येऊन म्हणाल्या. “नोकरीची चार वर्षं राहिलीत, तीही टोप्या घालण्यात जातील.”

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्यावरचं भिंग न काढताच तो म्हणाला, “अगं, ती मुलगी काय वाघ आहे? खाणारे तुला?”

“वाघ परवडला हो. तो लिहून नाही ठेवत.”

मग बाईंनी अगदी शिक्षकांनीच करावा असा उद्योग केला. आदल्या दिवशी आख्खा तास घेऊन टाकला. तेच प्रश्न, तीच उदाहरणं, कुणी कुठलं उत्तर द्यायचं तेही ठरलेलं. वर बजावलं, “उद्या हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. मी उजव्यांनाच विचारीन.”

दुसऱ्या दिवशी तास तेल घातल्यासारखा चालला. बाई विचारायच्या, हातांचं जंगल उभं राहायचं, उत्तर बिनचूक यायचं. मागच्या बाकावरची मुलगी खाली मान घालून लिहीत होती. पाऊण भागिले अर्धा, उत्तर दीड. बाईंनी डस्टर उचललंच होतं, तेवढ्यात दाढदुखीमुळे काल घरी राहिलेली एक पोर उभी राहिली. तिला ना तालीम माहीत, ना हातांची भानगड.

“बाई, वाटून दिलं की कमी होतं ना? मग पाऊणचं दीड कसं झालं? दुप्पट?”

‘नियम आहे’ जिभेवर आलं. मागे पेन थांबलेलं बाईंनी पाहिलं, आणि ते तिथंच गिळून टाकलं. डस्टर हातात धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी दूधवाल्याची मुलगी कंटाळून म्हणाली, “अगं, पाऊण लिटर दूध आहे आणि माप अर्ध्या लिटरचं. किती मापं होतील?”

“एक. आणि पाव उरलं. म्हणजे सव्वा!” खिडकीजवळचा एक मुलगा मध्येच म्हणाला.

“हट्! पाव लिटर म्हणजे अर्धं माप. दीड!”

“पाव म्हणजे पाव!”

“लिटरमध्ये कशाला मोजतोस? मापात मोज की!”

सव्वावाले आणि दीडवाले बाकांवरून भांडायला लागले. कुणी कागद फाडून मापं केली. बाई ऐकत होत्या. वाटणी नाहीच ही, किती वेळा मावतं ते मोजायचंय. एका लिटरमध्ये अर्ध्याची दोन मापं.

“म्हणून दोननं गुणायचं!” त्या एकदम ओरडल्या. “म्हणून उलटा!”

भांडण सोडून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाईंना कुणी शिकताना पाहिलंच नव्हतं.

तास संपल्यावर विद्यापीठातली मुलगी शिक्षकखोलीत आली. बाईंनी तिला बसूही दिलं नाही. “आधी ऐका. काल मी तालीम घेतली होती. आणि त्या प्रश्नावर गप्प राहिले ती काही पद्धतबिद्धत नव्हती. मला येतच नव्हतं.”

“तालीम दिसली मला. इतके डावे हात!” मुलगी हसली. “बारा शाळा झाल्या, अकरांत तालीम होती. कबूल कुणीच केलं नाही.”

“आणि बाराव्या शाळेत?”

“तिथले सर आजारी होते.” तिनं वही पुढे केली. “बाई, तुम्ही चोपन्न सेकंद थांबलात. बाकीचे दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतात.”

“अहो, घाबरून थांबले!”

“तसंच लिहिते. पुस्तकात ‘उलटा करा’ एवढंच छापलंय, का ते नाही, हेही लिहिते. बदलायचंय पुस्तक. तुम्हाला पास-नापास करायला कोण आलंय? अहवालात नावंसुद्धा नसतात. मोठ्या बाईंना मी परवानगी घेतानाच सांगितलं होतं.”

बाई तरातरा मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. “नवं पुस्तक सहावीला कोण घेणार?”

“तुम्हीच! दुसरं आहे कोण?” मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “जरा धाक घातला, त्याशिवाय तयारी करता का तुम्ही लोक?”

रागवावं की हसावं ते बाईंना कळेना. छातीवरचा दगड उतरला होता, त्यामुळे राग यायलाच तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तारीख लिहून होते न होते तोच पहिल्या बाकावरून आवाज आला, “बाई, शून्यानं का नाही भागायचं?”

“मला नाही सांगता येणार,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच बघा. शून्याच्या मापानं दूध मोजा.”

आणि खुर्ची ओढून त्या बसल्या. सव्वीस वर्षांत चालू तासाला पहिल्यांदाच. पाय किती दुखत होते, ते त्यांना बसल्यावर कळलं.