पाण्याच्या घंटेची राहीबाई

राहीबाई, रागावू नकोस, पण तुझंही चुकलंच. कळप आणि शाळा यांत फरक असतो. म्होरकी मेंढी पाण्याला लागली की मागची सगळी लागतात, आणि पाण्यावर कुणी कुणाला फसवत नाही, हे तू माहेरी पाहिलंस, सासरी पाहिलंस आणि तेच शाळेत घेऊन आलीस. शाळेत फसवतात गं. इस्त्रीच्या साडीतली, गोड बोलणारी, दोन-दोन पदव्यांची माणसं फसवतात. तुझी गोष्ट तुला काय नव्यानं सांगायची? पण गावात तुझ्या नावानं जे बोललं जातं ते ऐकवत नाही, म्हणून लोकांनाच एकदा नीट सांगावी म्हटलं. तू नुसती बाजूला बसून ऐक.

कवठे महांकाळच्या पुढं उघड्या माळावर एक हायस्कूल आहे. राहीबाई तिथं शिपाई. धनगराची लेक, धनगराचीच सून. नवरा जोतिबा वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन साताऱ्याकडच्या उसाच्या रानांत. घरातली एकच शिस्त तिच्या हाडीमासी खिळलेली: शेवटचं कोकरू प्यायल्याशिवाय आपण ओठाला पाणी लावायचं नाही.

शाळेत पाण्याची घंटा सुरू झाली तेव्हा म्हणूनच ती सगळ्यांत जास्त खूश झाली. साडेअकरा, दीड आणि साडेतीन, असा दिवसातून तीनदा टोल पडायचा आणि पोरांनी बाटल्या काढून पाणी प्यायचं. मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडम, मूळच्या साताऱ्याच्या, त्यांची ही कल्पना. कल्पना चांगलीच होती, नाही कोण म्हणतं? राहीबाई टोल देऊन गप्प बसायची नाही. वर्गावर्गांतून फिरायची, पोरांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडायची. "गपकन बसली तर पाणी हाय अंगात. तंबूवानी हुबी राह्यली तर न्हाई," म्हणायची.

पोरांची कातडी गपकन बसायची. पोरींची तंबूवानी उभी. बाटल्या मात्र संध्याकाळी रिकाम्या! मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, भर मार्चात मुलींच्या वर्गामागचं करंजाचं झाड तेवढं हिरवंगार. खिडकीखाली जाऊन उभी राहिली आणि टोल पडताच वरून धार आली.

"काय गं ए, झाडाला पाजायला आईनं बाटली दिलीया व्हय?"

आठवीतली सोनम खिडकीतून वाकली. पोरगी तोंडाळ. म्हणाली, "राहीमावशी, झाडाला जायाला जागा लागत न्हाई. आमाला लागती."

आतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. राहीबाई हसली नाही. देणगीतून बांधलेलं, पांढऱ्या फरशीचं मुलींचं स्वच्छतागृह दोन वर्षं कुलूपबंद होतं. घाण होतं म्हणून! किल्ली मॅडमच्या कपाटात. पोरी सकाळी घरून जाऊन यायच्या आणि थेट संध्याकाळी घरीच जायच्या, मधे थेंबभर पाणी प्यायच्या नाहीत. शेवटच्या तासाला निम्म्यांचं डोकं दुखायचं. सोनम तर लघवीच्या जळजळीनं फेब्रुवारीत आठ दिवस तापानं पडून होती.

राहीबाई तडक मॅडमकडं गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीतून उठल्या आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "बरोबर आहे तुझं. आजपासून हे तुझ्याकडं. कुलूप लागणार नाही, शब्द देते."

पोरी एवढ्यानं ऐकतात होय? मग राहीबाईनं धनगरी अक्कल चालवली. म्होरकी धरली.

"सोनम, तू पी. तू प्यालीस की बाकीच्या पित्यात. कुलपाचं मी बगते."

"आन् कुलूप लागलं तर?"

"तर माजं नाव राहीबाई न्हाई."

सोनम प्यायली आणि मागून सगळा वर्ग प्यायला. घटाघट नाही, घोटघोट. राहीबाई तेही शिकवायची. उन्हातून खेळून आलं की लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ. घरून येताना जमलं तर ताक. "जाऊन आलं की रंग बगायचा गं बायांनो. गवताच्या वाळल्या काडीवानी फिका दिसला तर झ्याक. चहावानी दिसला तर आनखी प्या." पोरी लाजून एकमेकींच्या पाठीत धपाटे घालायच्या, पण बघायच्या. महिन्याभरात डोकेदुखी गेली, सोनमची जळजळ गेली. करंजाचं झाड तेवढं मलूल झालं. पोरी खिडकीतून त्याची माफी मागायच्या.

हे इथवर आलं आणि मग निघाली निरोगी शाळेची स्पर्धा. एप्रिलमधे सांगलीहून समिती येणार ठरलं. आदल्या दिवशी राहीबाईनं स्वच्छतागृह घासून लखलखीत केलं. सकाळी मॅडम आल्या, फरशी पाहिली, "छान," म्हणाल्या आणि किल्ली मागून घेतली. कुलूप घातलं. किल्ली पर्समधे.

"आवं मॅडम, पोरी?"

"समिती अकराला येतेय. तासाभराचा प्रश्न आहे. पाय उमटलेली फरशी दाखवू का त्यांना?"

समिती अकराला आली नाही. बाराला नाही, एकला नाही. टोल मात्र चुकवायचा नाही, फोटो काढायचे होते. राहीबाईनं दोन टोल दिले, पोरी दोनदा प्यायल्या. मधे ती तीन वेळा मॅडमच्या दारात गेली. तिसऱ्यांदा मॅडम खेकसल्या, "राहीबाई, कळत नाही का तुला? एक दिवस थांबलं तर काय आभाळ कोसळतंय?"

"तुमी शब्द दिलता."

"जा. सतरंज्या टाक."

समिती अडीचला आली. पटांगणात मांडवाखाली सगळी शाळा, मागच्या ओळींत गावकरी. पाण्याच्या सवयींवर बोलायला उभी केली सोनमला, कारण तिच्याएवढं धीट कोण होतं? पोरगी उभी राहिली, "सकाळी उठल्यावर आदी..." म्हणाली आणि थांबली. बाजूला उभ्या राहीबाईकडं तिनं पाहिलं. ते पाहणं राहीबाई अजून विसरलेली नाही. मग पोरीच्या पायाखालची सतरंजी भिजायला लागली.

राहीबाईनं हातातली पाहुण्यांसाठीची भरली कळशी तिथल्या तिथं सोडून दिली. "आगं आई गं, सांडली की!" म्हणत ओरडली, सगळं पाणी सोनमच्या पायांवर. पण पहिल्या ओळीतल्या पोरांना दिसायचं ते दिसलं होतं. सोनम दप्तर न घेताच मांडवाबाहेर गेली.

मॅडमनी माईक घेतला. आता तरी ही बाई खरं बोलेल, निदान गप्प बसेल, असं राहीबाईला वाटलं. मॅडम हसून म्हणाल्या, "आमच्या शाळेत मुलींना कधीही अडवलं जात नाही. किल्ली आमच्या राहीबाईंकडंच असते."

राहीबाई खाली बसून सतरंजी पिळत होती. सगळ्या गावानं तिच्याकडं वळून पाहिलं.

शाळेला दुसरा नंबर मिळाला. प्रशस्तिपत्र भिंतीला लागलं, आणि मॅडमनी किल्ली परत आणून दिली, जशी काही उसनी नेलेली वाटीच. पण सोनम शाळेत आली नाही. तिची आजी रंगूबाई बाजारात भेटली, राहीबाईच्या तोंडाकडं न बघता म्हणाली, "आपल्यातली हाय म्हनून भरोसा टाकला हुता." बस, एवढंच. इकडं कुलूप उघडं आणि वर्गातल्या पोरी बाटल्या पुन्हा खिडकीतून ओतायला लागल्या. राहीबाई कातडी बघायला गेली की हात मागं घ्यायच्या.

"तू जाऊन आण बाई तिला," मॅडम म्हणाल्या. "तुझं ऐकतील तिच्या घरचे."

"माजं आता कुत्रं ऐकत न्हाई. आन् जाऊन सांगू काय? तुमच्या नावानं सांगितलं तर म्हनतील, आपलं झाकाय दुसऱ्यावर घालती. तुमी चला. कुलूप मी लावलं, असं तुमच्या तोंडानं त्या पोरीला सांगा. बाकीचं मी बगते."

मॅडमनी समोरचे कागद फाईलला लावले. मग म्हणाल्या, "रविवारी जाऊ."

रविवारी राहीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून नऊपासून फाट्यावर उभी. साडेअकराला फोन आला, घरी पाहुणे आलेत. पुढच्या रविवारी मॅडमची कंबर धरली. तिसऱ्या रविवारी फोनही नाही. मे महिन्याच्या अखेरीस मॅडम निवृत्त झाल्या, सत्कार घेतला आणि साताऱ्याला गेल्या.

जूनमधे त्यांचा फोन आला. प्रकृतीचं झालं, उन्हाचं झालं, भरपूर पाणी पीत जा म्हणून सांगून झालं. मग विचारलं, "गेलीस का गं त्या मुलीकडं?"

"तुमी आल्याबिगर कशी जाऊ?"

"बरं, पुढच्या महिन्यात माझी सांगलीला चक्कर आहे. तेव्हा मिळूनच जाऊ."

फाट्यापासून सोनमची वस्ती मैलभरसुद्धा नाही, पण राहीबाई अजून एकटी गेलेली नाही. मॅडम सांगलीला त्यानंतर दोनदा येऊन गेल्याचं राहीबाईला दुसऱ्यांकडून कळलं.