कुलरचा पंखा

शेवगावात माझ्या कॉम्प्युटर क्लाससमोर एका बाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. समोरचा बोलत असला तरी त्यांचा कान चालू पंख्याकडं असायचा. उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडू लागला, तेव्हा बाईंनी सीपीयूच्या डब्याचं झाकण काढून शेजारी कुलरचा जुना पंखा बसवला. कॉम्प्युटर दिवसभर चालला, पण आवाज फार.

कॉम्प्युटर कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "हे काढा. असं चालत नाही."

"चालतंय की," बाई म्हणाल्या. "तुमचा पंखा गप हुता, म्हनून मशीन बी गप व्हायचं."

त्यानं पंखा काढला. थोड्याच वेळात स्क्रीन काळी झाली. बाईंनी त्याच्यादेखतच पंखा पुन्हा बसवला आणि मला म्हणाल्या, "सर, तुमी मोठ्यानं शिकवा."