उजेडात ठेवलेली रोपं

भाऊंची रीत ठरलेली: रोपांचा ट्रे दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांसमोर धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि एकेक पान निरखायचं. मग म्हणायचं, "पाहू द्या मॅडम, घाई नोका करू." घाई नेहमी माझीच असायची. अशी माणसं तुमच्याही कामाच्या जागी असतील. आपण ओरडत असतो आणि ती बघत असतात.

वर्ध्यातल्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि भाऊ शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीखालची रोपवाटिका, सांभाळायचे. सगळे त्यांना भाऊच म्हणत. अल्लीपूरहून पहिल्या एसटीने येत. शिक्षण दहावीपर्यंत, पण रोपांच्या बाबतीत प्राचार्यांचंही ऐकत नसत. मुलं प्रश्न माझ्याकडे आणत आणि उत्तर त्यांच्याकडून नेत. मला ते फारसं आवडत नसे, हे कबूल करते.

शेडनेटचा नियम साधा: बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसणारं रोप उपटून फेकायचं. एका वर्षी टोमॅटोच्या ट्रेमध्ये सात रोपं बुटकी निघाली. दांडी जांभळी, पानं काळपट हिरवी. मी लगेच निदान केलं, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडलंय, उपटा. दुसऱ्या दिवशी सातही रोपं मागच्या कोपऱ्यात कुंड्यांमध्ये उभी होती.

"माती एक, खत एक, पानी एक," भाऊ म्हणाले. "मंग हे सातच काऊन उपाशी राह्यले?"

तरी मी स्फुरद द्यायला लावलं. त्यांनी मोजून दिलं. रोपं जांभळी ती जांभळीच. पुढे फळं धरली. कच्ची असताना गडद हिरवी, पिकल्यावर अशी लाल की कापल्यावर आतूनही डोळ्यांत भरावी. भाऊंनी एक फोड माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि निघून गेले. त्या कोपऱ्यात ऊन जास्त लागत असेल, असं मी स्वतःला समजावलं. आपलं चुकलंय हे मला सहसा लवकर पटत नाही.

भाऊंच्या निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा ते त्या फळांचं बी पुडीत घेऊन आले. निरोपसमारंभ नको म्हणाले. "माहं झाड येगळं हाये का मीच येडा आहो, येवढं सांगून द्या."

आता मात्र मला नीट प्रयोग करणं भाग होतं. एका ट्रेमध्ये एक ओळ त्यांच्या बियांची, एक ओळ साध्या बियांची. ट्रे बंद कपाटात. रंग बियातच असेल तर अंधारातही दिसेल, असं मी मुलांसमोर ऐटीत जाहीर केलं. आठव्या दिवशी कपाट उघडलं. दोन्ही ओळी सारख्याच! लांबुळकी, मरतुकडी, पांढुरकी रोपं. मुलं माझ्याकडे बघू लागली. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची आज लाज वाटते.

भाऊंनी ट्रे उचलला. खूप वेळ पाहिला.

"अंधारात कोनाचा रंग दिसते, मॅडम? उजेडात ठेवा."

ट्रे उजेडात ठेवल्यावर तिसऱ्या सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी मला त्याआधी कधीही फोन केला नव्हता. "या," एवढंच म्हणाले. मी चहा तसाच टाकून धावले.

काय सांगू तुम्हाला! साधी ओळ हिरवी झाली होती, बुडाशी किंचित जांभळट. आणि त्यांची ओळ खालपासून वरपर्यंत जांभळी, पिकल्या जांभळासारखी. एकही रोप अपवाद नाही. मी दोनदा मोजली. व्हरांड्यातल्या मुलांना हाका मारल्या, भाऊंचा हात धरून गदागदा हलवला. नोकरीत इतकी वर्षं झाली, पण अंगावर असा काटा आला नव्हता.

मग वाचलं, आधीच वाचायला हवं होतं ते. टोमॅटोच्या एखाद्या जनुकात छोटासा बदल होतो आणि उजेडाला द्यायच्या प्रतिसादावरचा लगाम सुटतो. साध्या उजेडालाही ते झाड कडक ऊन समजतं आणि रंगच रंग तयार करतं. अंधारात फरक दिसणारच नाही. म्हणजे चूक माझ्या प्रयोगाची होती आणि बरोबर होतं ते भाऊंचं वाक्य. असली झाडं जगात इतरांनाही सापडली आहेत, हे सांगताना मी जरा चाचरले. वाटलं, खट्टू होतील. ते तर खुलले.

"म्हंजे थ्या लोकायनंई उपटले नाईत."

निवृत्तीच्या दिवशी उरलेलं बी अर्धं मला दिलं, अर्धं खिशात घालून गावी गेले.

गेल्या हिवाळ्यात भाऊ वारले. मी अल्लीपूरला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले, तर मागच्या अंगणात न्हाणीच्या पाण्यावर टोमॅटोची रांग उभी होती, सगळ्यांच्या दांड्या जांभळ्या. त्यांच्या बायकोने मला तिथे नेलं.

"येनाऱ्या-जानाऱ्या साऱ्यायले दाखवत," त्या म्हणाल्या. "म्हनत, हे झाड येगळं हाये, आमच्या मॅडमनं पह्यल्याच दिवशी मानलं."